विधी आणि अर्थवाद : भूजलाच्या कायद्याभोवतीचे वक्तृत्व

कोणताही कायदा विधिमंडळात संमत झाला की त्याची दोन रूपांतरे सुरू होतात. एक राजपत्रापासून नियमांकडे, नियमांपासून परिपत्रकांकडे आणि तेथून तलाठ्याच्या दप्तराकडे जाणारे. ते मंद असते आणि पुष्कळदा वाटेतच थांबते. दुसरे राजपत्रापासून सभेच्या व्यासपीठाकडे जाणारे. ते एका रात्रीत पुरे होते. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पहिल्या रूपांतराकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. दुसऱ्याकडे मात्र ‘राजकीय भाषणबाजी’ असे म्हणून आपण पाठ फिरवितो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या रूपांतराचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते महाराष्ट्राच्या भूजल कायद्याचे, आणि तो ज्या भूमीवर लागू व्हावयाचा तिचा नमुना म्हणून बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याचे.

हवामानबदलाच्या संदर्भात भूजलाचा कायदा का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे. हवामानबदल याच विषयाला वाहिलेला एकच एक सर्वव्यापी कायदा आपल्या देशात नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मार्च महिन्यात दिलेल्या एका निर्णयात केली आहे. तो खटला माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्यासंबंधीचा होता. परंतु त्यात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा अधिकार घटनेच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून निष्पन्न होतो असे मान्य केले. असा एक कायदा नसल्यामुळे हवामानाशी जुळवून घेण्याचे काम आपल्याकडे निरनिराळ्या नावांच्या कायद्यांतून होते, आणि मराठवाड्यात त्यांतील सर्वांत निकटचा कायदा भूजलाचाच आहे. पाऊस लहरी झाला, दोन पावसांमधील खंड वाढला आणि एका दिवसात महिन्याचे पाणी कोसळू लागले, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उरणारी शिल्लक जमिनीखालची. ती कोणी किती उचलावयाची हा प्रश्न नावाने पाण्याचा असला, तरी आशयाने हवामानाचाच आहे.

आता कायद्याकडे वळू. भूजलाविषयीची आपली जुनी कल्पना इंग्रजी विधिशास्त्रातून आली. जमीन ज्याची, तिच्याखालचे निश्चित प्रवाहात नसलेले पाणीही त्याचे, हे तत्त्व १८४३ च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या इंग्रजी खटल्यात प्रस्थापित झाले, आणि १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ७ व्या कलमाखालील एका दृष्टांतात ते आपल्याकडे उतरले. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, तेव्हा तो कायदा तेथील नव्हे, हे खरे. परंतु ज्याच्या शेतात विहीर त्याचे पाणी, ही समजूत कायद्याची वाट पाहत बसत नाही. मोट होती तोवर या समजुतीने फारसे नुकसानही झाले नाही. बैलांच्या दमापलीकडे पाणी उपसणे शक्य नव्हते, आणि बैल हाच काय तो त्या काळचा नियामक कायदा होता. विजेचा पंप आला आणि पुढे विंधणयंत्र आले, तेव्हा ही मर्यादा गेली. समजूत मात्र कायम राहिली.

महाराष्ट्राने प्रथम १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यापुरता भूजल विनियमनाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेऊ नये, ही त्यातील सर्वांस ठाऊक असलेली तरतूद. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. त्याच्या नावातील वर्ष २००९ असले तरी तो २०१३ चा २६ वा अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाला, जून २०१४ पासून अंमलात आला, आणि त्याखालील नियमांचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी बाहेर पडला तो जुलै २०१८ मध्ये. म्हणजे नावातील वर्षापासून नियमांच्या मसुद्यापर्यंत नऊ वर्षे लोटली. या काळात एक मूल जन्मून चौथीच्या वर्गात गेले, आणि बोअर मात्र दर उन्हाळ्यात खोल होत गेले.

या अधिनियमातील मुख्य गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढील विवेचन त्यांवरच अवलंबून आहे. विहिरींची आणि विंधणयंत्रांच्या मालकांची नोंदणी व्हावी. ६० मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरींवर शेती व उद्योग यांच्या वापरापुरती बंदी घालता यावी. अधिसूचित क्षेत्रात आधीपासून असलेल्या अशा खोल विहिरींवर उपकर बसविता यावा. पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांनी भूजलाच्या वापराचा आराखडा करावा, त्यास अनुसरून पिकांचा आराखडा करावा आणि अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना तेथे आवर घालता यावा. या सर्वांवर पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क असावा, आणि राज्यस्तरीय अधिकार महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे असावा. कलमांची भाषा रुक्ष आहे. परंतु पाहावयाचे ते हे की, यांपैकी बहुतेक तरतुदींचा कर्ता ‘प्राधिकरण’ किंवा ‘समिती’ आहे आणि क्रियापद बहुधा ‘करू शकेल’ असे आहे. आज्ञा थोडी, अधिकारदान पुष्कळ.

हे ६० मीटर शिरूर कासारच्या भूमीवर काय अर्थाचे आहेत? बालाघाटाच्या डोंगररांगेत पाटोदा तालुक्यात उगम पावणारी सिंदफणा या तालुक्यातून वाहत पुढे माजलगावकडे जाते आणि अखेरीस गोदावरीस मिळते. पश्चिमेस पाथर्डीचा प्रदेश लागतो. पावसाची जिल्ह्याची सरासरी वर्षास ६५० मिलिमीटरच्या आसपास; परंतु सरासरी हा शब्द येथे फसवा आहे, कारण सरासरीइतका पाऊस पडलेले वर्ष शोधावे लागते. खाली दख्खनचा काळा पाषाण. वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला खडक एवढ्याच थरात पाणी खरोखर मुरते आणि साठते, आणि तोही थर पुष्कळ ठिकाणी पंधरा-वीस मीटरांच्या पुढे जात नाही. त्याखाली अखंड कातळ. लाव्हाच्या दोन थरांमधील सांधे किंवा खोलवरच्या भेगा लागल्या तर तेथे पाणी असते, पण थोडे; आणि ते पुन्हा भरण्यास किती पावसाळे लागतील हे त्या भेगेच्या नशिबावर आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानात खोल जाणे म्हणजे मोठ्या कोठारात उतरणे होय. काळ्या पाषाणात खोल जाणे म्हणजे रिकाम्या घरात कोपऱ्याकोपऱ्यांत हात घालून पाहणे. तरीही तमिळनाडूच्या नोंदणीच्या विंधणगाड्या मराठवाड्याच्या माळावर उन्हाळाभर घरघरत असतात आणि पाचशे-सातशे फुटांची भाषा आता कोणास नवलाची वाटत नाही.

यातून एक गोष्ट घडते, आणि तीच या कायद्याचे खरे कारण आहे. खोल बोअर नेहमीच नव्या पाण्यापर्यंत पोहोचते असे नाही. अनेकदा वरच्या थराचे पाणीच ते भेगांवाटे खाली ओढते. मग शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि गावाच्या आडाचाही. विहीरवाला कर्ज काढून बोअर घेतो. ज्याला कर्ज मिळत नाही तो कोयता घेऊन ऊसतोडीस जातो. बीड जिल्हा हा राज्यातील ऊसतोड कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठादार म्हणून ओळखला जातो, आणि शिरूर कासार तालुका त्यात मागे नाही. घरी पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडावयास जावयाचे, या व्यवस्थेतील विसंगतीवर वेगळाच लेख होईल.

अशा प्रदेशात जुलै २०१८ चा मसुदा आला. त्यानंतर सभांतून, निवेदनांतून आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून जी विधाने फिरली, त्यांचा गोषवारा देण्यास फार जागा लागणार नाही. एका बाजूचे म्हणणे असे : आता विहिरीच्या पाण्यावर कर बसणार, शेतकऱ्याने काय पेरावे हे सरकार ठरविणार, इंग्रजांनी जे केले नाही ते हे करीत आहेत, शेतकरी संपणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे : हा कायदा क्रांतिकारक आहे, भूजल आता समाजाच्या मालकीचे झाले, पाण्याची उधळपट्टी थांबेल आणि टँकर इतिहासजमा होईल. दोन्ही बाजूंचे वक्ते कायद्याचे सामर्थ्य सारखेच मोठे मानीत होते, एवढे त्यांच्यात साम्य. एकास त्याचे भय, दुसऱ्यास त्याचा अभिमान. कायद्याचे पुस्तक उघडून ‘करू शकेल’ हे क्रियापद मोजण्याची गरज मात्र क्वचितच कोणास भासली.

या प्रकारच्या भाषेला ‘अतिशयोक्ती’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अतिशयोक्ती हा अलंकार आहे आणि अलंकारशास्त्र आपणांस तिच्या सौंदर्याविषयी सांगेल. तिच्या खरेखोटेपणाची कसोटी ते देणार नाही. त्यासाठी आपल्याच परंपरेतील दुसरे एक शास्त्र अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते. ते म्हणजे पूर्वमीमांसा.

मीमांसकांपुढील प्रश्न थोडक्यात असा होता. वेद हे कर्म सांगण्यासाठी आहेत, तर ज्या वाक्यांत काहीच करावयास सांगितलेले नाही, नुसती स्तुती, निंदा किंवा कथा आहे, त्यांचे प्रयोजन काय? ती निरर्थक मानावयाची काय? जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात याचे उत्तर आहे. ‘करावे’ असे सांगणारे वाक्य हा विधी. वायू ही अत्यंत शीघ्रगती देवता आहे अशांसारखे वाक्य हा अर्थवाद. तो स्वतंत्रपणे प्रमाण नाही. परंतु जवळच वायूला अमुक अर्पण करावे असा विधी असतो. त्याच्याशी मिळून त्याचे एक वाक्य होते, आणि विधीची रुची उत्पन्न करणे या नात्याने तो सार्थ ठरतो. या एकवाक्यतेवर सारे अवलंबून आहे. विधीपासून तुटलेला अर्थवाद म्हणजे निराधार शब्द.

‘अर्थसंग्रहा’सारख्या पुढील काळातील प्रकरणग्रंथांतून विद्यार्थ्यांना अर्थवादाचे तीन प्रकार शिकविले जातात. अन्य प्रमाणाशी विरुद्ध असलेले विधान, उदाहरणार्थ यज्ञातील यूप हा सूर्य आहे, तो गुणवाद. तेथे शब्दशः अर्थ घ्यावयाचा नसून यूपाची तकाकी लक्षात घ्यावयाची. अन्य प्रमाणाने आधीच ठाऊक असलेले विधान, जसे अग्नी हा थंडीवर उपाय आहे, तो अनुवाद. आणि ज्याला अन्य प्रमाणाचा विरोधही नाही व आधारही नाही, असे इंद्र-वृत्राच्या कथेसारखे विधान, तो भूतार्थवाद. यज्ञशाळेतील हे वर्गीकरण सभामंडपात नेताना तारतम्य ठेवले पाहिजे, हे उघड आहे. वेदवाक्याला कर्ता नाही आणि सभेतील वाक्याला पुष्कळ कर्ते असतात. तथापि राजकीय विधानाला प्रथम विचारावयाचा प्रश्न या वर्गीकरणातून नेमका हाती येतो. ‘हे खरे की खोटे’ हा प्रश्न दुसरा. पहिला असा की, हे कोणत्या विधीचे अंग आहे?

‘विहिरीवर कर’ हे विधान घ्या. अधिनियमात उपकर आहे तो अधिसूचित क्षेत्रातील ६० मीटरांहून खोल विहिरींपुरता. चाळीस-पन्नास फुटांची विहीर असलेल्या शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट त्या उपकराचा हेतू त्याच शेतकऱ्याचा झरा राखणे हा आहे. तेव्हा शब्दशः घेतल्यास हे विधान प्रमाणविरुद्ध, म्हणजे गुणवाद. परंतु गुणवादातही काही गुण सूचित असतो, आणि येथेही तो आहे. शासन आपल्या बांधावर येते ते बहुधा वसुलीसाठीच, हा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्या विधानात आहे. कायद्याच्या समर्थकांनी हा सूचितार्थ ऐकावयास हवा होता. त्यांनी शब्दार्थाचे खंडन केले आणि आपण जिंकलो असे मानले.

‘सरकार पीक ठरविणार’ हे विधान अधिक गुंतागुंतीचे आहे. पिकांच्या आराखड्याची तरतूद कायद्यात खरोखर आहे, तेव्हा हे निराधार नाही. परंतु पीक आजही कोणी तरी ठरवितच आहे. कारखान्याचा भाव, विजेचा दर आणि हमीभावाची खरेदी हे तिघे मिळून ते ठरवितात. १९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने, आणि २०१९ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद विभागाच्या आयुक्तांच्या अहवालाने, मराठवाड्यातील ऊस आणि पाणी यांचा प्रश्न पुढे मांडला होता; आयुक्तांच्या अहवालाने तर या विभागात ऊस व साखर कारखाने यांवर बंदीचीच शिफारस केली. त्यावर जी चर्चा झाली तीत ‘बंदी’ हा शब्द एवढा मोठा झाला की उसाच्या जागी काय लावावे, ते कोण विकत घेईल आणि कोणत्या भावाने, हे प्रश्न त्याच्यामागे दिसेनासे झाले.

गुणवाद वास्तवाने तपासला गेला म्हणजे काय होते, याचे एक स्वच्छ उदाहरण दूरदेशीचे आहे. ऑस्ट्रेलियात कर्ब उत्सर्जनावर किंमत बसविण्याचा कायदा येऊ घातला असता, २०११ मध्ये विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी वायला हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोलादाचे लहान शहर या करामुळे नकाशावरून पुसले जाईल असे सांगितले. १ जुलै २०१२ रोजी कर लागू झाला. शहर जागच्या जागी होते. दुसऱ्याच दिवशी तेथील एका मंत्रिमहोदयांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे गाणे म्हणून व नाचून विरोधकांची टर उडविली. गाणे बरे नव्हते असे बहुतेकांचे मत पडले. २०१४ च्या जुलैमध्ये कर रद्द झाला. त्यानंतर २०१६ मध्ये वायलाचा पोलाद कारखाना चालविणारी कंपनी खरोखरच डबघाईस आली, त्या वेळी कर अस्तित्वात नव्हता. पोलादाचे जागतिक भाव आणि कर्ज ही कारणे होती. या साऱ्या काळात वायलाच्या कामगारांना ज्या गोष्टीची गरज होती, ती म्हणजे पोलादाच्या धंद्याचे पुढे काय करावयाचे याचा विधी. त्यांच्या शहराचे नाव दोन्ही पक्षांच्या ओठांवर होते. विधी कोणाकडेच नव्हता. शिरूर कासारचे किंवा बीडचे नाव मुंबईतील भाषणांत ज्या प्रकारे येते, त्याच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

शासनाच्या बाजूचा अर्थवादही याच मापाने मोजला पाहिजे. अन्यथा आपले विवेचन एकतर्फी होईल. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, त्याचे घोषवाक्य सर्वांसाठी पाणी आणि २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र असे होते. ओढे खोल झाले, बंधारे झाले, काही गावांना त्याचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. परंतु ‘टंचाईमुक्त’ हा शब्द भूतार्थवादाच्या वर्गात पडतो : उच्चारला त्या वेळी त्याला विरोधी प्रमाणही नव्हते आणि आधारही. प्रमाण पुढे मिळाले. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस, म्हणजे भूजल नियमांच्या मसुद्यानंतर तीनच महिन्यांनी, शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या होत्या. महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये पुढे आलेल्या अहवालाने सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची टंचाई हटविणे व भूजलाची पातळी वाढविणे यांवर फारसा परिणाम झाला नाही असा निष्कर्ष काढला. त्यावर वाद झाला, पावसाची तूट पुढे करण्यात आली, आणि ती तूट खरीही होती. तथापि ज्या योजनेचे यश चांगल्या पावसावर अवलंबून आहे तिला टंचाईमुक्तीची योजना म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतोच. पाणी साठविण्याचे काम झाले. साठलेले पाणी कोणी किती उपसावे याचा विधी त्या घोषवाक्याला जोडलेला नव्हता. बंधाऱ्याने वर आणलेले पाणी काठच्या बोअरने खाली नेले, तर त्यास बंधारा काय करणार?

मीमांसकांचे आणखी एक वचन येथे आठवते. त्याचा आशय असा की, निंदा ही निंद्य वस्तूची निंदा करण्यासाठी प्रवृत्त होत नाही. जे विधेय आहे त्याची स्तुती करण्यासाठी होते. अनुदित होमाची निंदा आढळली तर तिचे तात्पर्य उदित होमाच्या स्तुतीत शोधावे. हा न्याय भूजल कायद्याच्या निंदेला लावला म्हणजे विचारावे लागते : या निंदेतून कशाची स्तुती होत आहे? कायदा शेतकऱ्याला मारतो असे म्हणताना कोणती व्यवस्था तारक म्हणून सुचविली जात आहे? उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. चालू व्यवस्था. ज्याचे बोअर अधिक खोल आणि ज्याचा पंप अधिक शक्तीचा, त्याचे पाणी. ‘शेतकरी’ या एका शब्दात सातशे फूट खोल जाणारा आणि चाळीस फुटांवर कोरडा पडलेला असे दोघेही बसतात. सभेच्या भाषेचे हे मोठेच सामर्थ्य आहे की ती या दोघांना एकाच संकटाचे बळी म्हणून उभे करते, वस्तुतः त्यांतील एक दुसऱ्याचे संकट असताना.

विधीच्या जागी शांततेने दुसरा विधी येत असतो, तेही पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू केली. शेतकऱ्याच्या थकबाकीचा आणि हलाखीचा विचार करता तिची बाजू समजण्यासारखी आहे. दयाबुद्धीवर मला टीका करावयाची नाही. परंतु भूजलाच्या दृष्टीने पाहता उपशावरील शेवटचा उरलेला खर्चही तिने काढून घेतला. अधिनियम म्हणतो की उपसा मोजू शकता येईल. योजना म्हणते की उपसा फुकट आहे. पहिल्यावर भाषणे झाली, दुसरीवर स्वागताचे फलक लागले. काळ्या पाषाणातील भेगांना यांपैकी कोणता विधी अधिक लवकर पोहोचेल हे सांगण्यास भूशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

जोशपूर्ण भाषा आणि नेमका विधी यांची एकवाक्यता होऊच शकत नाही असे मात्र समजू नये. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाइतकी प्रखर निंदा मराठी गद्यात विरळ; परंतु त्याच ग्रंथात त्यांनी शासनाने काय करावे हेही सांगितले आहे. पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करवून जेथे झरे असतील तेथे खुणा कराव्यात, त्यांची नोंद गावाच्या नकाशात घ्यावी, आणि विहिरी पाडणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशा आशयाची ती सूचना आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यात उभी राहण्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीची ही गोष्ट. तेथे असुडाचा प्रत्येक फटकारा कोणत्या तरी ‘करावे’शी बांधलेला आहे, म्हणून शतकानंतरही तो वाचला जातो. शिरूर कासारपासून फार दूर नसलेल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर नको, ऊस नको, केळी नको असे नियम स्वतः करून घेतले आणि ते पाळले. पावसाळा संपला की किती पाणी आले, पिण्यास किती, जनावरांस किती आणि रब्बीस काय उरले, याचा ताळेबंद तेथे मांडला जातो. त्या ताळेबंदात विशेषणांना जागाच नसते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही, ज्यात बीड जिल्हा अंतर्भूत आहे, गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत स्वीकारली. तेव्हा साधन अपरिचित राहिलेले नाही. अडचण आहे ती वेळेची, आणि ती शिरूर कासारसारख्या तालुक्यातच पुरतेपणी दिसते. भूजलाच्या पातळीची पावसाळ्यानंतरची नोंद सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. ताळेबंद त्यानंतर मांडावयाचा आणि रब्बीत काय पेरावयाचे हे त्यावरून ठरवावयाचे. हाच काळ दसऱ्याचा. भगवानगडावर पूर्वी भरणारा आणि २०१७ पासून पाटोदा तालुक्यातील सावरगाव येथे भरू लागलेला दसरा मेळावा हा या भागातील राजकीय वक्तृत्वाचा वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग असतो. मेळावा आटोपतो, आणि त्याच्या पुढेमागे, फार तर दिवाळीपर्यंत, तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर ऊसपट्ट्याकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्याला ताळेबंदाच्या ग्रामसभेसाठी मागे राहता येत नाही. २६ जानेवारीची ग्रामसभाही त्यांच्या माघारी होते. ती माणसे परततात चैत्र-वैशाखात, तोवर रब्बीचे पाणी देऊन झालेले असते आणि गावाच्या विहिरीवर टँकर उभा असतो. पाणलोट समितीची रचना, तिची बैठक केव्हा व्हावी आणि गैरहजर कुटुंबाचे पिण्याचे पाणी त्या बैठकीत कोणी राखून ठेवावे, हे मुद्दे नियमांत घालण्याजोगे आहेत.